हौद्यातले पाणी

हौदा हा शब्द मराठीत फार फिरून आला आहे. अरबीत तो उंटाच्या पाठीवरच्या आसनासाठी होता. फारसीतून इकडे येताना तो हत्तीवर चढला, संस्थानी मिरवणुका ओसरल्यावर खाली उतरला आणि ट्रकच्या, टेम्पोच्या मागच्या भागाला जाऊन चिकटला. २००५ मध्ये टाटांची ‘एस’ ही छोटी मालवाहू गाडी बाजारात आली. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हणायला सुरुवात केली आणि हौदा पुन्हा हत्तीच्या पाठीवर जाऊन बसला. भाषेतले असे योगायोग सुखाचे असतात. या लेखाचा विषय मात्र हौद्याचा तळ आहे, आणि तो फारसा सुखाचा नाही.

मिरकरवाड्याला, मालवणला किंवा मुंबईत ससून डॉकला मासळीच्या गाड्या भरताना पाहाव्यात. क्रेटवर क्रेट चढतात. बर्फ वितळत असतो, त्यात मासळीचे खारे पाणी मिसळते आणि ते तळावर उतरते. वरून जाड रबरी मॅट, मॅटच्या खाली कोणी प्लायवूड ठोकलेले, त्याच्या खाली पत्रा. मॅट वरून धुतली की गाडी स्वच्छ दिसते. काही वर्षांनी अशी गाडी गॅरेजात येते तेव्हा इंजिन दमदार असते, टायर अर्धे शिल्लक असतात आणि मॅट उचलल्यावर तळाची चाळणी झालेली असते. गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते. हप्ते बँकेचे, आणि वेल्डिंगचे पैसे खिशातले. मासळीचीच गाडी असेल असेही नाही. दुधाची, फुलांची, लाँड्रीची, केटररची, प्लंबरची, कोणतीही कामाची व्हॅन घ्या, तिच्या मरणाची सुरुवात पुष्कळदा पायाखालून होते.

मोटारीच्या इतिहासात इंजिनावर ग्रंथ आहेत, आकारावर आहेत, मालकांच्या श्रीमंतीवर तर आहेतच. तळावर कोणी फारसे लिहीत नाही. तरी तळ राखायची धडपड जुनी आहे आणि तिच्यात दोन मते पहिल्यापासून भांडत आली आहेत. एक म्हणते, पाणी लोखंडापर्यंत पोहोचूच देऊ नका. दुसरे म्हणते, पाणी येणारच, त्याला जायला वाट ठेवा. पहिले मत दुकानात विकता येते. ते डब्यात, पिंपात, गुंडाळीत मिळते. दुसऱ्या मताची किंमत एका भोकाएवढी असल्यामुळे त्याची जाहिरात कोणी करत नाही. आपल्याकडे जमिनीसाठी ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे घोषवाक्य योग्यच आहे. गाडीच्या तळाला नेमके त्याच्या उलट हवे असते.

*

बैलगाडीला हा प्रश्न नव्हता. तिच्या तळाच्या फळ्यांमध्ये फटी असत. धान्य न्यायचे तर खाली चवाळे अंथरावे लागे, पण पावसाचे पाणी मात्र जसे आले तसे खाली जाई. लोखंड चाकाच्या धावेत होते, आखात होते, आणि तेही उघड्यावर, वाऱ्यात वाळणारे. पुढे ट्रक आले तेव्हा आपल्या बॉडी बिल्डरांनी हीच रीत उचलली. चेसिस कारखान्यातून यायची. तिच्यावर आडव्या वाशांवर जंगली लाकडाच्या फळ्या बोल्टने आवळायच्या. एखादी फळी कुजली तर ती काढून दुसरी घालायची. ट्रकला त्याचे दुखणे कळतही नसे.

जहाजे बांधणाऱ्यांना मात्र लोखंड आणि पाणी यांचे भांडण फार आधी समजले होते. युरोपात जहाजे ओकची. ओकच्या लाकडात टॅनिनसारखी आम्ल द्रव्ये असतात आणि ती लोखंडी खिळ्यांना खातात. सागात तेल असते. सागातला खिळा पुष्कळ टिकतो. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने बांधलेल्या सागवानी जहाजांची कीर्ती होती तिचे हेही एक कारण. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे.

त्याही आधीची एक गोष्ट टेम्पोवाल्यांनी ऐकावी अशी आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव व्हावा हा हेतू. वेस्ट इंडीजहून ते परत आल्यावर १७६३ मध्ये तपासणी झाली. तांबे ठणठणीत होते, पण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे अनेक ठिकाणी विरघळून गेले होते. काही खिळे मात्र जसेच्या तसे होते. शोध घेतला तेव्हा दिसले की तांब्याचे पत्रे तपकिरी कागदात गुंडाळून आले होते आणि घाईत काही ठिकाणी तो कागद तसाच राहिला होता. जिथे कागद मध्ये होता तिथे खिळा वाचला. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांची आपोआप बॅटरी होते आणि एक दुसऱ्याला खाते. हे शास्त्र तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. व्होल्टाची बॅटरीसुद्धा पुढच्या शतकाच्या उंबरठ्यावर आली. एका हमालाच्या आळसाने ते आधी सांगून टाकले होते. आज पोलादी तळावर अॅल्युमिनियमची चमकदार चेकर्ड प्लेट थेट स्क्रूने आवळणारा कारागीर ‘अलार्म’चाच प्रयोग पुन्हा करतो, फक्त यात खाल्ले जाते ते अॅल्युमिनियम.

१८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी हा दोष उलटा फिरवून त्याचा गुण केला. जहाजाच्या तांब्याला जस्ताचे किंवा बिडाचे तुकडे जोडले तर समुद्र तांब्याला सोडून त्या तुकड्यांना खाईल, असे त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडले. झालेही तसेच. तांबे अगदी सुरक्षित राहिले. इतके की त्यातून विषारी क्षार सुटेनासे झाले, तळावर शिंपले आणि शेवाळ बिनघोर वाढले आणि जहाजे रेंगाळू लागली. आरमाराने तो उपाय गुंडाळला. कल्पना खरी होती, जागा चुकली होती. १८३७ मध्ये फ्रान्सच्या सोरेल यांनी लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट घेतले तेव्हा तिला योग्य जागा मिळाली. असा मुलामा देता येतो हे मालुआँ यांनी १७४२ मध्येच पॅरिसच्या अकादमीला सांगितले होते. जस्त मिळवण्याची विद्या तर राजस्थानातील झावरच्या भट्ट्यांत मध्ययुगापासून मुरलेली होती. आपण ज्याला सरसकट ‘जस्ताचा पत्रा’ म्हणतो त्याची ही वंशावळ. त्या पत्र्यावर ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त आधी झिजते आणि उघडे पडलेले लोखंड काही काळ तगते. रंगाला ही उदारता नाही.

*

मोटारीच्या पायाखाली पत्रा आला कधी? फोर्डच्या मॉडेल टीमध्ये फळ्याच होत्या. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांनी १९१२ मध्ये कंपनी काढली, पूर्ण पोलादी बॉडी दाबून-जोडून तयार केली आणि लवकरच डॉज बंधू त्यांचे मोठे गिऱ्हाईक झाले. तरी चेसिस अजून वेगळी होती. खरा बदल घडला तो चेसिस आणि बॉडी एकजीव झाली तेव्हा. १९३४ ची सित्रोएन ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ हे त्याचे गाजलेले उदाहरण. कामाच्या व्हॅनमध्ये हीच गोष्ट फोक्सवॅगनने आणली. बेन पॉन या डच व्यापाऱ्याने १९४७ मध्ये वहीत एका डब्याचे चित्र काढले. पहिला नमुना बीटलच्या तळावर बसवून पाहिला, तो भाराने टिकेना. तेव्हा सगळा डबाच एकसंध बांधला आणि मार्च १९५० मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले.

इथे तळाची जात बदलली. फळी ही गाडीवर ठेवलेली वस्तू होती. पत्र्याचा तळ हे गाडीचे हाड झाले. पातळ पत्रा वाकू नये म्हणून त्याला लांबट नळ्या पाडल्या, कडा दुमडल्या, खाली पोकळ पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडल्या. प्रत्येक नळीत पाणी साचायला एक नाली तयार झाली, प्रत्येक जोडात पाणी शिरायला एक फट. वजन कमी झाले, ताकद वाढली, खर्च उतरला. अभियंत्यांना दोष देण्यासारखे यात काही नाही. पण फळी कुजली तर सुतार बोलवायचा, आणि हा तळ कुजला तर गाडीचा आकारच ढिला पडतो, हा हिशेब गिऱ्हाइकाला कोणी समजावला नाही.

आपल्याकडे १९५८ मध्ये हाम्बुर्ग-हारबुर्गच्या ‘फिडाल अँड झोन’ कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू झाली. आधी तीनचाकी ‘हॅन्सीट’, मग १९६९ पासून ‘मॅटॅडोर’. या गाड्यांनी मराठीला ‘टेम्पो’ हे सामान्यनामच दिले. आज कोणत्याही कंपनीची गाडी असो, भाजी टेम्पोनेच येते. हाम्बुर्गलाही पाऊस पडतो, पण कोकणासारखा चार महिने ठाण मांडून बसलेला नव्हे. शिवाय आपल्याकडे एक वेगळाच मुद्दा आहे, मिठाचा. साधे मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की पाझरू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचा क्षार असतो, तो तेहतीस-चौतीस टक्क्यांनाच ओलावा ओढतो. म्हणजे पाऊस थांबला, ऊन पडले, मॅट वरून कोरडी झाली, तरी तिच्याखालचे मीठ हवेतून पाणी ओढून पत्र्याला पाजत राहते. कोकणच्या किनाऱ्यावर हवा तेहतीस टक्क्यांइतकी कोरडी असे दिवस किती, हे तिथल्या माणसाला विचारावे.

*

गंजाला मराठीत तांबही म्हणतात. गव्हावरचा तांबेरा त्याच रंगाचा भाऊ. विदर्भात तर गंज म्हणजे चक्क पातेले. तो कसा चढतो याची आपली घरगुती समजूत सरळ आहे: पाणी लागले, हवा लागली, गंज चढला. मग जिथे हवा जास्त तिथे गंज जास्त असायला हवा. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात ही समजूत एका थेंबाने मोडली. स्वच्छ लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवा सहज पोहोचते, मध्यभागी कमी. लोखंड खाल्ले गेले ते मध्यभागी. थेंबातच एक छोटी बॅटरी झाली होती. जिथे प्राणवायू भरपूर तिथले लोखंड सुरक्षित राहिले, जिथे तो कमी तिथले विरघळू लागले.

हा प्रयोग मॅटखालच्या पत्र्यावर रोज होतो. मॅटच्या कडेला हवा आहे, मध्यभागी नाही आणि ओल दोन्हीकडे आहे. म्हणून कडेला नुसती तपकिरी रेघ दिसते आणि मधोमध भोक पडलेले असते. मालकाला वाटते की झाकलेला भाग तरी सुरक्षित असेल. झाकल्यामुळेच तो गेलेला असतो.

व्हर्नन नावाच्या इंग्रज संशोधकाने त्याच दशकात आणखी एक गंमत दाखवली. लोखंडाचे तुकडे खोलीतल्या हवेत टांगले, काही उघडे, काही मलमलीच्या एकपदरी जाळीत. उघडे गंजले, मलमलीतले चकचकीत राहिले. मलमल हवा अडवत नाही, ओलही अडवत नाही. ती फक्त धूळ अडवते. धुळीचा कण ओलावा धरून ठेवतो आणि त्याच्याखाली गंजाची सुरुवात होते. हौद्यातली रेती, सिमेंटची भुकटी, माशांचे खवले, भाजीचा पाला हे सारे ओल धरणारेच. केरसुणी हे गंजरोधक साधन आहे असे कोणत्याही दुकानदाराने आजवर सांगितलेले नाही.

दिल्लीच्या लोहस्तंभाचे उदाहरण या विषयात अटळ आहे, आणि बहुधा चुकीच्या कारणासाठी दिले जाते. सोळाशे वर्षे तो गंजला नाही यात हरवलेले गूढ धातुशास्त्र शोधायची हौस आपल्याला आहे. कानपूरच्या आयआयटीतले आर. बालसुब्रमणियम यांनी त्याचा कसून अभ्यास केला. लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, आणि ओले होणे व वाळणे यांच्या शेकडो फेऱ्यांतून पृष्ठभागावर एक घट्ट पातळ थर तयार झाला आहे, असे त्यांनी दाखवले. ओले होणे आणि वाळणे. यातला वाळणे हा शब्द महत्त्वाचा. त्याच स्तंभाचा जमिनीत गाडलेला भाग गंजलेला आहे. लोखंड तेच, लोहार तेच.

*

आता रंगाकडे वळू. लोखंडाला शेंदूर फासायची रीत जगभर होती. शेंदूर म्हणजे शिशाचा लाल क्षार. जवसाच्या तेलात घोटून तो जहाजांना, पुलांना, पाण्याच्या टाक्यांना लावत. देवाला आणि पुलाला एकच लेप, ही गोष्ट मला नेहमीच आवडत आली आहे. तो लेप चालत का असे? पाणी अडवत असे म्हणून, असेच सगळे समजत. इव्हान्स यांच्याच केंब्रिजमध्ये मेन यांनी १९५० च्या सुमारास मोजमाप केले तेव्हा निघाले भलतेच. रंगाच्या पापुद्र्यातून पाणी आणि प्राणवायू आरपार जातात, आणि गंजायला लागतात त्याहून जास्त प्रमाणात जातात. रंग वाचवतो तो मुख्यतः विजेच्या वाहनाला अडथळा करून. शेंदूर आणि जवसाचे तेल मिळून शिशाचे साबण बनतात आणि ते गंजाची क्रिया रोखतात, हा त्याचा खास गुण.

शिसे विषारी म्हणून शेंदूर गेला आणि त्याच्या जागी तसाच लाल दिसणारा ‘रेड ऑक्साईड’ आला. आज गॅरेजात वेल्डिंग झाले की पोऱ्या रेड ऑक्साईडचा हात मारतो. हा लाल रंग म्हणजे रसायनाने पाहिले तर लोहाचा ऑक्साईड, गेरूचा सख्खा आणि गंजाचा चुलत भाऊ. स्वतः तो गंज थांबवणारे काहीच करत नाही. त्याच्याबरोबर मिसळलेली द्रव्ये आणि खालची घासाई यांवर सारे अवलंबून असते. गंजावरच लांबी भरून वर रेड ऑक्साईड मारला तर लाल कपड्यात लाल चोर लपवल्यासारखे होते. रंग शाबूत दिसतो आणि आत काम चालू राहते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे शेवटी तोच रंगाला फोड आणून बाहेर येतो.

कारखान्यांनी या बाबतीत मोठी मजल मारली हे मान्य केलेच पाहिजे. फोर्डमध्ये जॉर्ज ब्रूअर यांनी १९६० च्या दशकात सगळी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने लेप चढवण्याची पद्धत रुळवली. वीस मायक्रॉनच्या आसपासचा हा लेप फवाऱ्याला न पोहोचणाऱ्या खाचांतही शिरतो. १९७५ मध्ये पोर्शेने जस्ताच्या मुलाम्याचा पत्रा वापरून गाड्या बनवायला सुरुवात केली, १९८६ मध्ये ऑडी ८० ची पूर्ण बॉडी तशी आली. बुडवायच्या हौदातून बॉडी वर काढताना आतला रंग निथळावा म्हणून तळाला भोके ठेवावी लागतात. नंतर त्यांतली बरीच रबरी बुचांनी बंद होतात, काही पाणी जावे म्हणून उघडी ठेवतात. तळ राखायच्या दोन्ही मतांची समजूत एवढ्या एका जागी पटलेली दिसते.

मग गाडी मालकाच्या हाती येते आणि ती समजूत मोडते. पहिल्याच आठवड्यात तळावर प्लायवूड ठोकायचे असते, रॅक बसवायचे असतात. ड्रिल चालते. प्रत्येक स्क्रू वीस मायक्रॉनच्या त्या लेपातून आरपार जातो आणि उघड्या लोखंडाची एक गोल कड तयार करतो. भोकाच्या कडेला कोणी ब्रशही लावत नाही, आणि ड्रिलचा लोखंडी भुगा नळ्यांत तसाच पडून राहतो. पावसाआधी तोच गंजतो.

पुढचा टप्पा म्हणजे ‘कोटिंग’. याचा धंदा जन्मला तो बर्फाच्या मुलखात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरणे सर्रास झाले आणि गाड्या खालून सडू लागल्या. डेट्रॉईट हे मोटारींचे शहर मिठाच्या खाणीवर वसलेले आहे, हा इतिहासाचा विनोद. तिथेच १९५९ मध्ये कुर्ट झीबार्ट यांनी पोकळ भागांत गंजरोधक द्रव्य फवारण्याचे दुकान काढले आणि त्याच्या शाखा पसरत गेल्या. नीट केले तर हे काम चांगले असते. विशेषतः मेणासारखी द्रव्ये ओली राहतात, फटींत सरकतात. डांबरी-रबरी जाड लेपाचे तसे नाही. तो वाळून कडक होतो, दगड लागून तडकतो, तडीतून पाणी आत जाते आणि बाहेर येत नाही. त्यात घाईने फवारणारा माणूस निचऱ्याची भोके बुजवून टाकतो. आपल्याकडे अजून कित्येक चालक पावसाआधी तळाला जळके ऑइल फासतात. लोखंडाला ते काही महिने सांभाळतेही, पण रबरी बुश फुगवते आणि पहिल्या पावसात बरेचसे ओढ्यात जाते. त्यापेक्षा कोकणातल्या नावाड्यांची पद्धत शहाणपणाची होती. नावेला काजूच्या टरफलाचे तेल लावत. तेच तेल शुद्ध करून मिळणाऱ्या कार्डेनॉलपासून आज जहाजांच्या इपॉक्सी रंगांची घट्ट करणारी द्रव्ये बनतात, आणि ती दमट पृष्ठभागावरही धरतात. वेंगुर्ल्याच्या काजूचे टरफल असे फिरून पुन्हा समुद्रावर जाते.

*

प्लायवूडवर थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण व्हॅनच्या तळावर आज तेच सर्वांत जास्त दिसते. १९३४ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जेम्स नेव्हिन यांनी पाण्याला न सुटणारा डिंक तयार केला आणि प्लायवूड घराबाहेर पडले. आपल्या दुकानांत ‘मरीन प्लाय’ किंवा ‘बीडब्ल्यूपी’ म्हणून मिळते ते याच परंपरेतले. उकळत्या पाण्यातही त्याचे पदर सुटत नाहीत. गिऱ्हाइकाचा घोटाळा होतो तो इथेच. पदर सुटत नाहीत याचा अर्थ पाणी शोषत नाही असा नाही. लाकूड लाकूडच राहते. कडेने पाणी पिते आणि सावकाश सोडते. पत्र्याला घट्ट चिकटवलेले उत्तम मरीन प्लाय स्वतः शाबूत राहते आणि ओल्या फडक्यासारखे पत्र्यावर बसून राहते.

हेच प्लायवूड जगातल्या सर्वांत कष्टाळू तळांत मात्र उत्तम काम करते. न्हावा शेवाच्या बंदरात रचलेल्या कंटेनरांचा तळ अठ्ठावीस मिलिमीटर प्लायवूडचा असतो आणि त्यावर फोर्कलिफ्ट धावतात. फरक एवढाच की कंटेनरमध्ये त्याच्या खाली पत्रा नाही. ते आडव्या पोलादी पट्ट्यांवर टेकलेले असते आणि खालून मोकळी हवा लागते. म्हणजे बैलगाडीचीच रीत. मासळी आणि फळे नेणाऱ्या थंड कंटेनरांत तळ अॅल्युमिनियमच्या टी-आकाराच्या पट्ट्यांचा असतो. माल पट्ट्यांच्या माथ्यावर राहतो, खालच्या नाल्यांतून हवा फिरते आणि कोपऱ्यांतल्या मोऱ्यांतून पाणी बाहेर पडते. ज्यांना समुद्रावर काम करायचे आहे त्यांनी पाण्याशी तडजोड केलेली दिसते. पाण्याला पूर्ण बंदी करू पाहतो तो आपला शहरातला व्हॅनवाला.

आणि हे फक्त एका व्हॅनवाल्याचे नुकसान नाही. ब्रिटनमध्ये १९७१ मध्ये होअर समितीने धातूंच्या गंजण्याचा राष्ट्रीय खर्च मोजला. वर्षाला सुमारे १३६.५ कोटी पौंड, राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण साडेतीन टक्के. समितीचा दुसरा निष्कर्ष मला अधिक बोचतो. यातला जवळजवळ चौथा हिस्सा आधीच ठाऊक असलेले ज्ञान वापरले तर वाचू शकेल, असे तिने सांगितले होते. नवे काही शोधायची गरज नव्हती.

ठाऊक असलेले ते ज्ञान व्हॅनच्या तळावर उतरवायचे तर काय करावे लागते, हे चांगल्या बॉडी बिल्डरकडे पाहायला मिळते. तो प्लायवूड थेट पत्र्यावर टाकत नाही. खाली पट्ट्या देतो, रबराच्या किंवा प्लास्टिकच्या, नळ्यांच्या दिशेने, म्हणजे पाणी अडत नाही. प्लायची कड, जी कोणालाच दिसत नाही, ती रंगात दोन-तीनदा भिजवतो. स्क्रू शक्य तितके कमी, तेही तयार भोकांत. नवे भोक पाडलेच तर भुगा व्हॅक्यूमने ओढून कडेला प्राइमर. मॅट चिकटवायची नाही, उचलता आली पाहिजे. मासळीच्या गाडीला रोज गोड्या पाण्याचा मारा, तोही मॅट उचलून. गाडी धुतल्यावर ती नाक वर करून चढणीला उभी करायची, मागचे दार उघडे ठेवायचे आणि तासभर तिच्याकडे पाहायचेही नाही.

आणि ढाळ. गच्चीला ढाळ दिल्याशिवाय गवंडी पुढे सरकत नाही. जुन्या स्वयंपाकघरात फरशी बसवताना मोरीकडे ढाळ आहे की नाही हे लोटाभर पाणी ओतून पाहत. व्हॅनच्या तळावर तेच पाणी ओतून पाहणारा कारागीर मी कोकणात पाहिला आहे. कोरी करकरीत गाडी होती आणि मालक शेजारी उभा होता. पाणी जिथे जाऊन थांबले तिथे कारागिराने खडूने गोल केला आणि ड्रिल हातात घेतले. मालकाने त्याचा हात धरला. नव्या गाडीला भोक? दोघांची बरीच बाचाबाची झाली. शेवटी भोक पडले, कड घासली गेली, दोन हात प्राइमरचे बसले, एक आखूड रबरी नळी खाली सोडली गेली. मग पुन्हा तांब्याभर पाणी ओतले. ते भोकाशी क्षणभर घुटमळले आणि गाडीखालच्या मातीत उतरले.